हत्तीच्या पोटातलं पोतं

नाथाजी बर्गे बसऱ्याच्या लढाईतून अख्खा परत आला आणि सांगलीत त्याचा अंगठा गेला. तुर्कांना जे जमलं नाही ते मगदुमांच्या करवतीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं, असं तो स्वतःच सांगे आणि सांगताना उजव्या हाताची उरलेली चार बोटं वर करून दाखवी. ऐकणारे हसत. मालक श्रेणिक मगदूमही हसे, पण त्याचं हसू ओठांवरून खाली उतरत नसे. तो अंगठा पुढे कुठे गेला हे कारखान्यात त्या एकट्याला ठाऊक होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

कारखाना सांगली स्टेशनच्या अंगाला होता. श्रेणिक बी.एस्सी. झालेला. वडील वारल्यावर हळदीच्या पेढीवर बसायचं सोडून त्यानं करवती मांडल्या, तेव्हा पाव्हण्यारावळ्यांनी ‘पोरगं शिकून सुतार झालं’ म्हणून हळहळ केली. मग दुसरी मोठी लढाई पेटली. सरकारला तोफेचे गोळे भरायला खोकी हवी झाली आणि तेच पाव्हणे आपापली पोरं चिकटवायला दारात येऊन बसले. त्या लढाईत आमच्या भागात बऱ्याच जणांचं बरं झालं. आंब्याच्या झाडांचं झालं नाही. ती सगळी खोकी आंब्याची.

पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जमिनीकडे बघत चालणारं घराणं, आणि धंदा तोफगोळ्यांच्या खोक्यांचा. श्रेणिकनं यावर पुष्कळ विचार केला होता आणि शेवटी खोकं हे मुळात अहिंसकच असतं असा निकाल दिला होता.

करवतींचा भुसा ओढून घेणारं एक यंत्र त्यानं सोलापूरकडच्या बंद पडलेल्या गिरणीतून आणलं होतं. करवतीजवळ पत्र्याची सोंड उघडी असे. सोंडेतून भुसा वर खेचला जाई, मोठ्या नरसाळ्यात गरगरत खाली येई आणि नरसाळ्याखालच्या छातीएवढ्या लोखंडी पिंपात साठे. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याला हत्ती म्हटलं आणि पिंपाला हत्तीचं पोट. श्रेणिकनं त्याचं इंग्रजी नाव दोनतीनदा सांगून पाहिलं. हत्ती हत्तीच राहिला.

पिंपातला भुसा फावड्यानं उपसायचा म्हटलं तर निम्मा नाकातोंडात जातो. म्हणून पिंपाला आतून पोत्याचं अस्तर लागे. गोणपाटं उसवून, जोडून, पुन्हा शिवलेलं एक लांबरुंद पोतं आत सोडायचं, कमरेपर्यंत पिंपात वाकून त्याचा तळ दाबून बसवायचा, तोंड काठावरून बाहेर दुमडायचं, त्यावर लोखंडी कडं ठोकायचं, मग झाकण आणि झाकणाच्या कड्या. पोट भरलं की कडं काढून पोत्याचं तोंड आवळायचं आणि दोघांनी उचलून बाहेर घ्यायचं. हे काम नाथाजीकडे होतं. पलटणीत त्यानं आयुष्यभर बिस्तरे बांधले होते. पोतं बसवताना त्याला एक सुरकुती चालत नसे.

हत्तीला एक खोड होती. इंजिन सुरू होऊन पंख्यानं वेग घेतला की रिकामं पोतं आतल्या आत वर उचललं जाई आणि त्याच्या तळाची गाठ झाकणाला आतून आपटे. ठप. ठप. भुशाचं वजन पडलं की ते निमूट खाली बसे. तोवर नाथाजी झाकणावर थाप मारून म्हणे, “ऐकलं रं, ऐकलं. जरा कळ काढ.”

लष्कराचा साहेब खोकी तपासायला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी दुपारी हे घडलं. करवतीत अडकलेली ढलपी काढायला नाथाजीनं हात घातला. ढलपी निघाली, आणि अंगठाही. जे सुटं असेल ते ओढून न्यायचं एवढंच हत्तीला ठाऊक. सगळे ओरडेपर्यंत अंगठा सोंडेत गेला होता.

आकाराम नावाचा मुख्य सुतार होता, त्यानं धोतराचा सोगा फाडून हाताला बांधला. सगळ्यांनी मिळून नाथाजीला टांग्यात घातलं आणि टांगा मिरजेच्या दवाखान्याकडे सुटला. इंजिन बंद करायला म्हणून श्रेणिक मागे राहिला.

काही माणसं घाबरली की ओरडतात. श्रेणिक घाबरला की नीटनेटका होत असे. त्यानं रक्तावर भुसा टाकला. तो झाडून गोळा केला. गोळा केलेला पिंपात ओतला. पिंप भरत आलं होतं म्हणून कडं काढलं, पोतं आवळलं, एकट्यानं ओढत दारापर्यंत आणलं आणि आत नवं पोतं बसवलं. हे त्यानं जन्मात पहिल्यांदा केलं, आणि बरं जमलं. तेवढ्यात घरची गाडी आली. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालेलं, मगदुमांच्या स्वयंपाकघरात भुशाची शेगडी पेटे, आणि तिच्यासाठी दर आठवड्याला कारखान्यातून एक पोतं जाई. गाडीवानानं विचारलं, “कंचं नेऊ?” श्रेणिकनं दारातल्या पोत्याकडे बोट केलं.

मिरजेला पोचल्यावर दवाखान्याच्या पायरीवर आकाराम भेटला. म्हणाला, “मालक, अंगठा घावला का? हत्तीच्या पोटात आसंल बगा. गरिबाचा हाय, त्याला न्हेऊन द्याया पायजे.”

श्रेणिक त्याच पायरीवर खाली बसला. आकारामला वाटलं, मालक मनानं लय हळवा आहे.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. मगदुमांच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे, त्यामुळे जेवण न जाण्याला कारण शोधावं लागलं नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते पोतं तोंड सोडून, निम्मं उपसलेलं उभं होतं. परसात एक जादा शेगडी विझत आलेली होती आणि तिथून तुपाचा वास येत होता.

“परसात काय पेटवलं होतंस, आक्का?”

त्याची आई, राजमती, तिला घरात सगळे आक्का म्हणत, शेगडीपाशी पाठमोरी बसली होती. “तूप कढवलं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “नाथाजीचं कळलं मला. हाताचं काय?”

“वाचला. अंगठा गेला.”

“कुटं गेला?”

“गेला म्हणजे तुटला.”

आक्का भांडी आवरू लागली. श्रेणिकनं पुढचं सांगितलं नाही. बोलणार काय? ही बाई पाणी दुहेरी फडक्यानं गाळून घेई आणि फडक्यात उरलेले जीव मरू नयेत म्हणून फडकं परत त्याच विहिरीत झटकायला लावी. तिच्या सख्ख्या आत्यानं सल्लेखना घेऊन, अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवला होता, आणि घरात त्या आत्याचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येई. आपली भाकरी माणसाच्या बोटावर भाजली गेली हे आक्काला कळलं तर ती रागावणार नाही, रडणार नाही, ती फक्त ताट पुढे सारील आणि पुन्हा ओढणार नाही. श्रेणिकला हे सूर्य उगवण्याइतकं स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या शेगडीवरची भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशीही खाल्ली. माणूस कशावरही जेवतो. त्याच सुमाराला आक्का दिवसातून एकदाच जेवायला लागली. तिची व्रतं वर्षभर चालतच असत. हे कोणतं हे श्रेणिकनं विचारलं नाही.

हात बरा झाल्यावर नाथाजी परत आला. आल्याबरोबर पहिला प्रश्न, “मालक, घावला का त्यो?”

“नाही,” श्रेणिक म्हणाला. “भुसा विकला गेला होता.”

“जाऊं द्या. घावला आसता तर गावाकडं न्हेला आसता. माझ्या बानं दिल्याला माल, बिनहिशोबी कसा टाकायचा?” आणि तो हसला. पुढे प्रत्येक पोतं बसवताना तो पिंपात वाकून, चार बोटांनी तळ चाचपून, आत कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, “हायस काय रं?”

थंडीत तो रजेवर गावी गेला, कोरेगावच्या अलीकडे. तिथं त्याला हिवतापानं धरलं आणि सोडलं नाही.

बातमी आकारामनं आणली, कारण तो दहाव्याला जाऊन आला होता. नदीकाठी भाताचा पिंड ठेवला. कावळे झाडावर हजर. एकही खाली उतरेना. नाथाजीचा मुलगा पलटणीबरोबर इटलीत, म्हणून भाऊ पुढं झाला. पोराचं लगीन करू म्हणाला. कावळा हलला नाही. म्हस इकत न्हाई म्हणाला. नाही. वहिनीला अंतर देणार न्हाई म्हणाला. तेव्हा तर झाडावरचे दोन उडून गेले. सातारा जिल्ह्यात तेव्हा सरकारं दोन होती, एक इंग्रजांचं आणि एक रानातलं, आणि लोक जमेल तसं दोघांचंही ऐकत. कावळे कुणाचंच ऐकत नव्हते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी गेली. नाथाजीची बायको मनुबाई उठेना. ती म्हणाली, “गवताच्या कावळ्याला काय कळतंय? त्यांचा अंगठा र्‍हायलाय मागं. अर्ध्या आंगानं मानूस कुटं जाईल?”

“आणि मग?” श्रेणिकनं विचारलं.

“मग काय मालक? त्यो हितंच आला आसंल,” आकारामनं सरळ उत्तर दिलं आणि हत्तीकडे बघितलं.

इंजिन सुरू झालं. ठप. ठप. ठप. आजवर रोज ऐकलेला आवाज. पण त्या दिवशी करवतीवरची माणसं एकेक करून मागे सरकली.

श्रेणिकनं सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितलं. पिंपाच्या बुडाला गंजून भोक पडलंय. पंखा आतली हवा ओढतो, त्या भोकातून बाहेरची हवा आत घुसते आणि पोतं खालून उचलते. शास्त्र आहे, भूत नाही. सर्वांनी माना डोलावल्या. पिंपाला हात लावायला कुणी तयार झालं नाही. तेव्हा त्यानं डाग देणारा बोलावला, पिंप आडवं केलं, स्वतः जवळ उभं राहून भोक बुजवून घेतलं आणि पाणी भरून दाखवलं. एक थेंब गळला नाही. मग पोतं बसवून इंजिन सुरू करवलं.

ठप. ठप.

“आता?” आकाराम म्हणाला.

“दुसरं भोक असेल.”

“व्हय. आसंल की,” आकाराम म्हणाला. त्यानं ‘व्हय’ इतक्या मऊपणानं म्हटलं की श्रेणिकला त्याला चापट मारावीशी वाटली.

तेव्हापासून हत्तीचं पोट रिकामं करणं आणि त्याला अस्तर लावणं हे काम मालकाकडे आलं. बी.एस्सी. झालेला माणूस रोज कमरेपर्यंत पिंपात वाके. आत आंब्याच्या भुशाचा आंबूस वास, आणि ऊब. ओला भुसा साठला की आतून तापतो हे त्याला माहीत होतं. तरी भरलेलं पोतं बाहेर काढून रिकाम्या पिंपात हात घातला की कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या अंथरुणात हात घालावा तसं वाटे. नवं पोतं सोडायचं, तळ दाबायचा. श्रेणिक दाबे आणि हात झटक्यानं वर घेई. त्यामुळे पोतं कधी नीट बसत नसे, आणि नीट न बसलेलं पोतं जास्तच ठोके.

आपल्या धर्माचा त्याला त्या दिवसांत थोडा आधार वाटला. जैन शास्त्राप्रमाणे मेलेल्याचा जीव निमिषात पुढच्या देहात जातो. पिंपात रेंगाळायला त्याला सवडच नसते. त्या हिशेबानं नाथाजी एव्हाना कुठंतरी रांगत असणार. अडचण एवढीच होती की नाथाजीनं हे शास्त्र ऐकलेलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी कोरेगावहून आगगाडीनं मनुबाईच आली. उंच, वाळकी, नऊवारीचा काष्टा घट्ट. काखेत गाठोडं आणि हातात चाळण. कारखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, “मालक, मी त्यांचा अंगठा न्ह्यायला आलेय.”

“मनुबाई, तो भुसा त्याच वेळी गेला. वर्ष होत आलं.”

“कुटं गेला?”

“विकला.”

“कुनाला?”

“आता कसं सांगणार? गिऱ्हाईक काय एक असतं?”

मनुबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग हत्तीकडे बघितलं. इंजिन नुकतंच सुरू झालं होतं. ठप, ठप.

“त्ये काय वाजतंय?”

आकारामनं टोपी काढली.

मनुबाई पुढं गेली, झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, “आवं, हितं हायसा व्हय? आन मी तिकडं नदीवर ऊन खात बसलेय.” आणि तिनं पदर खोचला.

त्या दिवसापासून ती तिथंच राहिली. पोतं भरलं की ती आणि आकाराम मिळून बाहेर काढत. नवं पोतं तीच बसवी, आणि नवऱ्यासारखीच, सुरकुती न ठेवता. मग दारातल्या चिंचेखाली बसून ती भरलेला सगळा भुसा चाळून काढी, ओंजळ ओंजळ. अंगभर, केसांत, पापण्यांवर भुसा बसे, तरी ती डोळे पुसत नसे. चाळणीत खिळे येत, विड्यांची थोटकं येत, एकदा शर्टाचं बटण आलं, एकदा मेलेली पाल. प्रत्येक वेळी ती वस्तू उचलून उन्हात धरी, बघे आणि बाजूला ठेवी. नवं पोतं उघडताना मात्र दरवेळी तेच शब्द: “आवं, ह्यात हायसा का?” बाजारातल्या गर्दीत नवऱ्याला हाक मारावी तसे.

दुसरी गोष्ट कावळ्याची. एक कावळा रोज येऊन हत्तीच्या सोंडेवर बसू लागला. सांगलीत कावळ्यांना तोटा नाही हे श्रेणिकला कबूल होतं. पण सांगलीत बसायला जागांनाही तोटा नव्हता.

सुटीच्या वेळी तो तिच्याजवळ जाऊन उभा राही. दूर राहणं जास्त अवघड होतं.

“मालक, तुमच्यात मेल्यावर काय करत्यात?” तिनं एकदा चाळता चाळता विचारलं.

“जाळतात.”

“मग दहावं?”

“तसलं काही नाही. जीव लगेच दुसरीकडे जन्म घेतो.”

“लगीच?”

“लगेच.”

“तुमचं बरं हाय,” मनुबाई म्हणाली. “आमच्यात लय कचेऱ्या हैत.”

श्रेणिक हसला.

“मनुबाई, समजा तो सापडलाच नाही. समजा तो कुठंतरी… जळाला असेल. लोक शेगडीत जाळतात भुसा.”

तिचा हात थांबला. “जळला आसंल तर बेसच की. अग्नी मिळाला. पर कुनी बगितलं? कुनी सांगावं मला, का व्हय, जळला, मी बगितला. मग मी हितून उठते.” ती त्याच्याकडे बघत राहिली. भुशानं पांढऱ्या झालेल्या तोंडावर दोन काळे डोळे. “हाय का कोन बगितल्यालं?”

सांगितलं तर ही बाई उठणार होती, मोकळी होणार होती आणि तिचा नवराही. सांगितलं तर दिवस मावळायच्या आत गोष्ट पेठेत, पेठेतून बस्तीत म्हणजे जैन देवळात, आणि बस्तीतून आक्काच्या कानावर जाणार होती. एकाच वाक्यात एक जण सुटत होता आणि एक ताट पुढे सारलं जात होतं.

“नाही,” श्रेणिक म्हणाला. “माझ्या माहितीत कोणी नाही.”

“मग चाळायला पायजे,” मनुबाई म्हणाली आणि तिनं पुढची ओंजळ घेतली.

त्या दुपारी पोतं आतून इतकं ठोकू लागलं की कड्या खुळखुळल्या.

गोष्ट घरी जायला वेळ लागला नाही. सांगलीत लागत नाही. एक दिवस जेवणाच्या सुटीत दारात घरची गाडी थांबली आणि तीतून आक्का उतरली. ती कारखान्यात कधीच आली नव्हती. खोक्यांच्या चळतीकडे तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. जमिनीकडे बघत, पाऊल जपून टाकत ती चिंचेखाली गेली आणि मनुबाईसमोर बसली. पांढरं लुगडं भुशात पसरलं. तिच्या हातात पितळी डबा होता.

श्रेणिक धावला. “आक्का, इथं कशाला आलीस? ऊन आहे.”

“बस,” आक्का म्हणाली. तो बसला. आकाराम आणि बाकीचे करवतीपाशी उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नाही.

“चाळण चांगली हाय,” आक्का मनुबाईला म्हणाली.

“गावची हाय.”

“मी बी चाळते. पीठ चाळते, मीठ चाळते. सरपन झटकून घेते. भुशात बी किडं आसत्यात, त्ये बी चाळल्याबिगर शेगडीत घालत न्हाई.” मग ती श्रेणिककडे न बघता म्हणाली, “ह्येला ठावं न्हाई. बाप्यांना स्वयंपाकघरातलं काय ठावं आसतंय?”

श्रेणिकच्या कानात इंजिन बंद असताना पंखा फिरू लागला.

“त्या दिवशी पोतं आलं,” आक्का सांगू लागली. “घाईचं होतं, वली माती लागल्याली. चाळाय घेतलं आन चाळणीत त्यो आला. मी वळखला. खिळ्यानं काळं झाल्यालं नख. हाच मानूस त्येच्या आदल्या दिवाळीत आमच्या दारात आंब्याचं डहाळं बांधून गेल्ता. मी काय करावं? आमच्यात ह्येचं शास्तर न्हाई. पर तुमच्यात जाळत्यात, येवढं ठावं होतं. परसात शेगडी मांडली. आंब्याचाच भुसा भरला. वर तूप सोडलं. णमोकार म्हनले, तुमचं मला काय येत न्हाई, जे येतंय ते म्हनले. पार जळंस्तवर बसून र्‍हायले.” तिनं डबा पुढं सरकवला. “ही राख. गाळन्याच्या फडक्यात बांधून ठेवली. कुनीतरी मागाय येईल म्हनून.”

सोंडेवरचा कावळा पाय बदलून बसला.

मनुबाईनं डबा उघडला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरला. “आंब्याच्या लाकडात?”

“व्हय.”

“तूप घातलं?”

“घातलं.”

“साजूक?”

“घरचं.”

“त्यास्नी लय आवडायचं,” मनुबाई म्हणाली, आणि एवढे दिवस न पुसलेले डोळे तिनं पहिल्यांदा पदरानं पुसले. तोंडावर भुशाचे दोन पट्टे उमटले.

श्रेणिकला वाचा फुटली तेव्हा त्यानं जगातला सगळ्यात चुकीचा प्रश्न विचारला. “मग मला का नाही सांगितलंस?”

“तू सांगशील म्हनून थांबले,” आक्का म्हणाली. “म्हटलं, आज सांगंल, उंद्या सांगंल. तवर येक डाव जेवावं.”

भात आक्कानंच शिजवला, तिथंच, कारखान्याच्या दारात, भुशाच्या शेगडीवर. पिंडाचा भात जैनाच्या हातचा चालतो का, असं आकारामनं विचारलं. मनुबाई म्हणाली, “अग्नी चालला, मग भाताला काय झालं?” सगळे कृष्णेच्या घाटावर गेले. मनुबाईनं राख पाण्यात सोडली, पायरीवर पिंड मांडला. मागे सरून नवस बोलायला तिनं हात जोडले, पण बोलायची गरज पडली नाही. तिचा पदर बाजूला व्हायच्या आत कावळा उतरला, चोच मारली, आणि भाताचा मोठा घास घेऊन नदीपलीकडे गेला. तो सोंडेवरचाच होता असं आकाराम शपथेवर सांगतो. श्रेणिकला तो सगळ्या कावळ्यांसारखा दिसला, आणि त्यानं त्याची खात्री करून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

“सुटलं,” मनुबाई म्हणाली. त्याच दिवशीच्या गाडीनं ती परत गेली. चाळण मात्र आक्काला देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कारखाना काही झालंच नसल्यासारखा चालला. हत्तीच्या पोटाला हात लावायला आता कुणाची ना नव्हती. आकारामनं शीळ घालत पोतं सोडलं, तळ दाबला, कडं ठोकलं, कड्या लावल्या. इंजिन सुरू झालं. पंख्यानं वेग घेतला.

ठप. ठप. ठप.

श्रेणिकनं मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. कुणी मागे सरकलं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही.

“आकाराम,” तो म्हणाला, “ते वाजतंय.”

“वाजंल की. हवा हाय ती,” आकाराम खोक्याला खिळा ठोकत म्हणाला. “तुमीच न्हाई का सांगितलं? भोकातनं हवा शिरती आन पोतं उचलती. नाथाजी सुटला, मालक. आता ही निस्ती हवा.”

श्रेणिक पिंपाजवळ गेला. वाकून बुडाखाली हात घातला. डागाचा उंचवटा बोटांना गुळगुळीत लागला, जसा त्यानं स्वतः उभं राहून करून घेतला होता तसाच. सगळ्या कारखान्याला शास्त्र पटलं होतं आणि शास्त्र सांगणारा तेवढा एकटा पिंपाशी उभा होता.

ठप.

झाकणावर तळवा ठेवला तर आतली गाठ नेमकी तळव्याखाली येऊन लागली. ठप. जरा थांबून पुन्हा. कुणी दाराबाहेर उभं राहावं, आत माणूस आहे हे त्याला माहीत असावं, आणि घाई काही नसावी, तसं. नाथाजी असता तर गोष्ट सोपी होती. त्याला एक वाक्य सांगायचं राहिलं होतं, आणि ते आता आक्कानं सांगून टाकलं होतं. मग हे वाक्य कुणाचं राहिलं होतं?

सकाळी त्यानं घरात सांगितलं होतं, आक्कासाठी आता दोन्ही वेळचं ताट मांडा. आक्का म्हणाली होती, “येकच मांडा. मी सांगितलं, श्रेणिक. तू कुटं सांगितलंस?”

त्यानं बाहेर बघितलं. ऊन चिंचेच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं, पण अजून ऊन होतं. त्यानं हात झटकले, कोट घातला.

“मी घरी जातोय. आक्काबरोबर जेवायला,” तो म्हणाला.

“आत्ता? मंग पोतं भरल्यावर बदलायचं कुनी?”

“तू बदल.”

“आन लयच ठोकाय लागलं तर?” आकारामनं हसून विचारलं.

श्रेणिक दारात थांबला. मागे वळून त्यानं पिंपाकडे बघितलं, आणि तो हसला नाही.

“थाप मार,” तो म्हणाला, “आणि ऐकलं म्हणावं. जरा कळ काढ म्हणावं.”